दोनशे तासांचा हिशेब : माझ्या फ्लाइंग स्कूलबद्दल

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी लागणारे २०० तास गेल्या महिन्यात पुरे झाले. दोन वर्षं पाच महिने लागले. प्रवेश घेण्याआधी मी रात्र रात्र मोबाइलवर शोधत बसायचे, की महाराष्ट्रातल्या एखाद्या फ्लाइंग स्कूलबद्दल तिथे शिकलेल्या कुणी मराठीत नीट लिहिलंय का. जाहिराती सापडल्या, पांढऱ्या शर्टातले फोटो सापडले, 'अठरा महिन्यांत पायलट व्हा' सापडलं. अनुभव काही सापडला नाही. तो आता माझ्या गाठीशी आहे, म्हणून लिहिते.

स्कूलचं नाव देणार नाही, गावाचंही नाही. माझं भांडण एका स्कूलशी नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून टाकते : या २०० तासांतल्या अडतिसाव्या तासाला माझ्या हातून एक सेस्ना १७२ विमान मोडलं. सोलोवर, म्हणजे विमानात एकटीच होते, लँडिंग करताना. अंदाज माझा चुकला. मला खरचटलंसुद्धा नाही, पण विमान सात महिने हँगरमध्ये होतं. त्या दिवशी काय झालं हे सांगितल्याशिवाय या स्कूलबद्दल मला धड काही सांगता येणार नाही.

माझे पाचापैकी तीन तारे. कुठले दोन कापले आणि कुठले तीन दिले, ते पुढे येईलच.

आधी पैशाचं. मी बार्शीची. वडील एसटीत चालक होते, ३१ वर्षं. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतो. दोन एकर बागायत विकली आणि उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज काढलं. सगळं मिळून ५२ लाखांच्या आसपास गेले. पॅकेजमध्ये २०० तासांचं उड्डाण, ग्राउंड क्लास आणि हॉस्टेल धरलेलं होतं. मेडिकल, परीक्षांची फी, गणवेश आणि जादा तास वेगळे. 'जादा तास' या दोन शब्दांवर प्रवेशाच्या दिवशी कुणी थांबत नाही. तुम्ही थांबा. ते कधी लागतात, कोण ठरवतं आणि तासाला किती, हे लिहून मागा. आणि फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. माझ्या बॅचचा एक मुलगा पहिला हप्ता भरून बसला आणि मग डोळ्यांत अडकला.

२०० तास म्हणजे नुसतं वर जाऊन फिरून येणं नाही. त्यातले १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडवायचे असतात. ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा एक लांब प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. १० तास बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर, ५ तास रात्रीचे. यातला एकेक तास रांगेत उभं राहून मिळतो, आणि या स्कूलचं सगळ्यात मोठं दुखणं ही रांगच आहे. माझ्या वेळी कागदावर विमानं नऊ होती. उडणारी चार, कधी पाच. ५० तास झाले की तपासणी, १०० तास झाले की मोठी तपासणी, एखादं प्रॉपेलरची वाट बघत उभं. तपासणीबद्दल तक्रार नाही, ती झालीच पाहिजे. पण चार विमानांवर साठ मुलं घेतली की सकाळी सातचा स्लॉट दुपारी अकराला सरकतो, आणि सातची हवा वेगळी, अकराची वेगळी.

हे ज्यांनी उडवलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. एप्रिलमध्ये सकाळी सातला आमच्याकडची हवा दुधावर साय धरावी तशी स्थिर असते. विमान जिथे ठेवाल तिथे राहतं. अकरा वाजेपर्यंत नांगरून टाकलेलं काळं रान तापतं आणि त्यावरून हवा वर येऊ लागते. शेजारी उसाचा फड असेल तर तिथे ती वर येत नाही, विमान बसकण मारतं. आमच्या धावपट्टीच्या अलीकडे आधी नांगरट, मग ऊस, मग कुंपण आणि मग तापलेलं डांबर. म्हणजे शेवटच्या अर्ध्या मिनिटात एकदा वर उचललं जाणार, एकदा खाली बसणार आणि नेमकं टेकायच्या वेळी पुन्हा वर. ३८ तासांच्या हाताला हे झेपणं अवघड असतं. म्हणूनच सुरुवातीच्या सोलोंना सकाळचे स्लॉट द्यायची पद्धत आहे. पद्धत होती आमच्याकडेही. रांगेपुढे ती टिकत नसे.

दुसरं दुखणं एका फळ्याचं. ब्रीफिंग रूममध्ये पांढरा फळा होता. नाव, सॉर्टी म्हणजे उड्डाणाची फेरी, किती लँडिंग आणि शेवटचा रकाना 'जीए', म्हणजे गो-अराउंड. उतरताना काही जमत नाहीसं वाटलं की पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर चढायचं, चक्कर मारून परत यायचं, त्याला गो-अराउंड म्हणतात. ग्राउंड क्लासमध्ये पहिल्या आठवड्यापासून घोकून घेतात : शंका आली की गो-अराउंड. पण फळ्यावर त्या रकान्यात आकडा पडला की संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं करून विचारायचे, "का करावा लागला?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. उभं राहणाऱ्याला मात्र ती शिक्षाच वाटायची. आणि एका सोलोत दोन गो-अराउंड झाले तर पुढचा सोलो बंद, आधी इन्स्ट्रक्टरबरोबर ड्युअल चेक. ड्युअल चेकची रांग आठ दिवसांची.

गो-अराउंड करू नका असं आम्हाला कुणीही, कधीही सांगितलं नाही. फळा सांगायचा.

त्या दिवशी माझा स्लॉट सव्वासातचा होता. साडेसहाला ब्रेथ टेस्ट, म्हणजे दारू प्यायलेली नाही ना याची तपासणी दिली, विमानाभोवती फिरून तपासणी केली, पंखाखालून इंधनाचा नमुना काढून उन्हाकडे धरून पाहिला. निळसर, पाणी नाही. मग कळलं की आधीची सॉर्टी संपवून येणाऱ्याला विमान लागणार आहे, थांब. मग एक टायर बदलायचा निघाला. वर गेले तेव्हा अकरा वाजून गेले होते. नाश्ता साडेपाचचा.

सर्किट म्हणजे धावपट्टीभोवती एक चक्कर मारून उतरायला येणं. दुसऱ्या सर्किटला धावपट्टीवर कुत्रं आलं म्हणून गो-अराउंड केला. पहिल्या चारातली बाकीची तीन नीट झाली. पाचव्याला माझ्या मागे अजून एक विमान होतं. त्याला ताटकळत ठेवायला नको म्हणून बेसचं, म्हणजे धावपट्टीकडे वळण्याआधीच्या आडव्या टप्प्याचं वळण मी लवकर घेतलं आणि फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत आले तेव्हा बरीच उंच होते. उंची मारायला नाक खाली केलं, तसा वेग वाढला. पूर्ण फ्लॅपवर, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा पूर्ण खाली असताना, ६५ नॉट (तासाला तितके नॉटिकल मैल) असायला हवेत, काटा ७८ वर होता. तेव्हाच मनात आलं की हे बरोबर नाही, वर जावं. आणि त्याच क्षणी फळ्याचा तो रकाना डोळ्यांपुढे आला. एक झालाय, हा दुसरा होईल. मी ठरवलं की पुढे गेल्यावर वेग आपोआप कमी होईल.

एवढाच तो चुकलेला अंदाज. पुढे जे झालं ते चार-पाच सेकंदांचं काम.

कुंपण ओलांडलं, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा) बंद केला, नाक उचललं. विमान बसेना. १३ नॉट जास्तीचे होते, ते कुठेतरी जिरायला हवेत. ते तरंगण्यात जिरतात. धावपट्टी खालून सरकत होती आणि मी नाकासमोरच्या डांबराकडे बघत होते. मग डांबरावरच्या गरम हवेनं आणि माझ्या थोड्या जास्त ओढलेल्या हातानं विमान पुन्हा वर गेलं, दीड पुरुष उंचीवर. आमच्या भाषेत याला बलून होणं म्हणतात. वेग आता खरोखरच संपत आला होता. आणि माझा हात पुढे गेला, नाक खाली. आधी पुढचं चाक आपटलं.

सेस्नाची मागची दोन चाकं स्प्रिंगच्या पोलादी पायांवर असतात, ती बराच मार खातात. पुढचं चाक ज्या दांड्यावर असतं तो इंजिनामागच्या फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि आपण यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला लटकवलेला असतो, तो टेकवण्यासाठी केलेलाच नाही. पुढचं चाक आपटलं की नाक उसळतं, आपण घाबरून दाबतो, तोवर विमान स्वतःच खाली यायला निघालेलं असतं, आपला दाब त्यात मिसळतो आणि दुसरा दणका पहिल्यापेक्षा मोठा बसतो. हात कायम एक पाऊल उशिरा. याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. तिसऱ्या दणक्याला पुढचा पाय मोडला. प्रॉपेलर धावपट्टीला लागला, इंजिन थांबलं आणि आम्ही नाकावर घसरत डाव्या कडेला जाऊन थांबलो.

इंधन-हवेचं मिश्रण बंद, इंधन बंद, विजेचा मास्टर स्विच बंद, पट्टा, दार. हे सगळं हातानं क्रमानं केलं, त्याचं श्रेय मी स्कूलला देते. जमिनीवर उभ्या विमानात डोळे मिटून हा क्रम आमच्याकडून किती वेळा करून घेतला होता त्याची गणती नाही. बाहेर आल्यावर मागे पाहिलं. प्रॉपेलरची दोन्ही टोकं केळीचं पान वाकावं तशी मागे वाकली होती. आणि धावपट्टीवर हातहातभर अंतरावर सरळ ओळीत ओरखडे उमटले होते, कोयत्यानं मोजून घाव घातल्यासारखे. त्या ओरखड्यांवर नंतर डांबर भरलं, पण डाग दिसतात. मी अजूनही फायनलला येताना ते शोधते.

आता स्कूलनं पुढे काय केलं ते.

चांगलं आधी. दहा मिनिटांत गाडी आली, कुणी ओरडलं नाही. डॉक्टर, पुन्हा ब्रेथ टेस्ट, रक्ताचा नमुना. डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि विमान अपघात तपास ब्यूरो, दोन्हीकडे लगेच कळवलं. झाकपाक केली नाही. हे मी मनापासून लिहिते.

वाईट असं, की दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्यापुढे एक टाइप केलेला जबाब ठेवला. इंग्रजीत, दीड पान. वेग जास्त होता, विद्यार्थिनीनं गो-अराउंड केला नाही, नाक दाबलं. एकूणएक वाक्य खरं. सही करायला माझी हरकत नव्हती. पण आप्पा रात्रीच्या गाडीनं येऊन पोहोचले होते, ते शेजारी बसले होते. ३१ वर्षांत त्यांनी डेपोतल्या बऱ्याच चौकश्या बघितल्यात. ते म्हणाले, "बाळ, यात जे लिहिलंय ते वाच. मग जे लिहिलेलं नाही ते वाच." मी कागद परत दिला आणि स्वतःच्या अक्षरात मराठीत जबाब लिहिला. अंदाज माझा चुकला हे पहिल्या ओळीत लिहिलं. आणि खाली सव्वासातचा स्लॉट अकरानंतर का गेला, आधीचा गो-अराउंड कशामुळे झाला आणि फळ्यावर काय असतं, हेही लिहिलं. त्यांनी तो घेतला. त्यांच्या तोंडावर नाराजी होती, पण घेतला.

अपघाताच्या तपासाबद्दल विद्यार्थ्यांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी, मला ती तोवर माहीत नव्हती. जगभरचे तपास शिकागो कराराच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तेराव्या परिशिष्टाप्रमाणे होतात, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की तपासाचा उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष कुणाच्या माथी मारणं हा नाही. भारताच्या नियमांतही तेच तत्त्व आहे. म्हणून जबाबात आपली चूक लपवू नका, आणि चुकीच्या आधीची साखळीही लपवू नका.

शिवाय १० तास 'सुधारणा प्रशिक्षण' लावलं, पॅकेजबाहेर, पैसे माझे. हा एक तारा इथे गेला. दुसरा रांगेला आणि फळ्याला.

पण त्या १० तासांत जे शिकले त्यासाठीच तीनपैकी दीड तारा मी देते, तोही ते तास घेणाऱ्या एकट्या सरांना. वायुदलातून निवृत्त झालेले, बोलायला कमी. पहिल्या दिवशी त्यांनी मला उतरू दिलंच नाही. म्हणाले, "आज चाकं टेकवायची नाहीत." सकाळी सहा चाळीसला आम्ही फायनलला आलो, धावपट्टीवर तीन-चार फुटांवर आलो आणि सरांनी थोडी ताकद ठेवून विमान तसंच धरायला लावलं. पूर्ण धावपट्टीभर. टेकायचं नाही, वर जायचं नाही. शेवटाला आल्यावर पूर्ण थ्रॉटल, वर. असं सात वेळा.

पहिल्या तीन वेळा विमान नुसतं हेलकावत होतं. चौथ्या वेळी ते म्हणाले, "नाकासमोर काय बघतेस? तिकडे बघ," आणि बोट धावपट्टीच्या पार टोकाला केलं. टोकाकडे नजर ठेवली आणि जाणवलं की धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत हळूहळू रुंदावताहेत. खाली गेले की पसरतात, वर गेले की आवळतात. उंची तिथे दिसते. नाकासमोरच्या डांबरात ती कधीच दिसत नाही, तिथे फक्त वेग दिसतो, आणि वेगानं माणूस घाबरतो आणि हात ओढतो. ३८ तासांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. 'लांब बघ' सगळेच सांगायचे. लांब बघून नेमकं काय दिसायला हवं, ते या माणसानं दाखवलं.

मग बलून कसा सोडवायचा ते. छोटा असेल तर हात जिथल्या तिथे, किंचित ताकद, आणि विमानाला स्वतःहून बसू द्यायचं. मोठा असेल तर विचार करायचाच नाही : पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप २० वर, ६० नॉट, वर. "पुढे ढकलणारा हात मला दिसला नाही पाहिजे," एवढंच ते प्रत्येक वेळी म्हणायचे. ते मुद्दाम बलून करून विमान माझ्या हातात द्यायचे. दहाव्या तासाला माझा हात पुढे जाणं थांबलं.

ते संध्याकाळी जुन्या अपघातांचे अहवालही वाचायला लावायचे. मंगळूरचा मी तिथेच पहिल्यांदा पूर्ण वाचला. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं बोइंग ७३७. उंच आलं, वेगात आलं, ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती जवळपास ५,२०० फूट ओलांडल्यावर. पुढे दरी. १६६ पैकी १५८ माणसं गेली. शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरनं, म्हणजे सहवैमानिकानं, गो-अराउंड म्हटलेलं होतं. मग कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०. पाऊस, मागून वारा, ८,८५८ फुटांपैकी ४,४३८ फूट संपल्यावर चाकं टेकली, २१ माणसं गेली, दोन्ही वैमानिक त्यात. तिथेही शेजारच्या वैमानिकानं गो-अराउंड म्हटलं होतं. तिथे बोइंग होतं, माझं चार जणांचं सेस्ना, पण ७८ वर थरथरणारा तो काटा मला त्या पानांत जसाच्या तसा दिसत होता.

मंगळूरचं मी आप्पांना फोनवर सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कंडक्टरनं घंटी मारली की ब्रेक दाबायचा. का मारली ते गाडी थांबल्यावर विचारायचं. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं." मी ते सरांना सांगितलं. सरांनी पुढच्या बॅचला ग्राउंड क्लासमध्ये तसंच्या तसं सांगितलं, एसटीचं नाव घेऊन.

उरलेला दीड तारा कशाचा? एक वर्कशॉपचा. तिथले इंजिनियर आणि मेकॅनिक लोक विद्यार्थ्याला हाकलत नाहीत. मोडलेलं विमान उघडलं तेव्हा त्यांनी मला बोलावून फायरवॉलला पडलेली घडी दाखवली, प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिन आतून उघडून का बघावं लागतं ते दाखवलं. आणि अर्धा, बदललेल्या पद्धतीचा. अपघातानंतर पाच महिन्यांनी नवे चीफ इन्स्ट्रक्टर आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी फळ्यावरचा शेवटचा रकाना पुसायला लावला. आता प्रत्येक सोलो सर्किट सॉर्टीत एक गो-अराउंड सक्तीचा आहे, जमत असो वा नसो, आणि त्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. ५० तासांच्या आतल्या सोलोंना सकाळी नऊनंतर सोडत नाहीत; स्लॉट गेला तर गेला. माझ्या जबाबामुळे हे झालं की नव्या सरांची ती पद्धतच होती, ते मी विचारलेलं नाही. रांग मात्र आजही तशीच आहे.

बाकीचं थोडक्यात. मेसचं जेवण बरं, सकाळी साडेपाचला पोहे आणि चहा वेळेवर मिळतो, आणि उडणाऱ्यासाठी तेच महत्त्वाचं. मुलींचं हॉस्टेल सुरक्षित, पाणी उन्हाळ्यात टँकरचं. सिम्युलेटर आहे, उपकरणांवरच्या सरावाला चांगला. लँडिंग शिकायला त्याच्यावर विसंबू नका, त्यात धावपट्टीच्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत येतच नाहीत. ग्राउंड क्लासमध्ये हवामान फार छान शिकवतात, नेव्हिगेशन घाईत उरकतात, त्याची बाहेर शिकवणी लावावी लागते.

डीजीसीएनं २०२५ मध्ये फ्लाइंग स्कूलांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही स्कूल बसलं नाही. ती यादी जरूर बघा. पण बघून थांबू नका. ज्या स्कूलमध्ये जायचंय तिथे एक दिवस पहाटे जा, कुंपणाबाहेर उभे राहा आणि तीन तास नुसतं मोजा. किती विमानं वर गेली, किती वाजता गेली, आणि किती जण उतरता उतरता परत वर गेले. तीन तासांत एकही परत वर गेला नाही, तर आत जाऊन विचारा की का नाही. ऑफिसात विद्यार्थ्यांबद्दल विचारू नका, विद्यार्थ्यांनाच विचारा, मेसमध्ये, एकेकट्याला : गो-अराउंड केल्यावर संध्याकाळी काय होतं? ५२ लाखांच्या निर्णयाला हा एक प्रश्न पुरेसा नाही, पण माझ्या वडिलांनी आणि मी तो विचारला असता तर बरं झालं असतं.

पोरीला पाठवावं का, असं बार्शीतल्या दोन घरांनी मला विचारलंय. मी हो म्हटलं. त्या सरांच्या हाताखाली मिळणार असेल तर जरूर, आणि खिशात पॅकेजच्या वर किमान चार-पाच लाख धरून.

माझ्या शेवटच्या सोलो सर्किट सॉर्टीला आप्पा आले होते. आत यायचा पास होता, पण ते कुंपणाबाहेर लिंबाखाली उभे राहिले, तिथून धावपट्टी चांगली दिसते. सकाळी सात दहाला वर गेले. तिसऱ्या चकरेला सगळं जमलेलं होतं, वेग ६५, उंची बरोबर, कुंपण ओलांडताना उजवीकडून वाऱ्याचा एक झटका आला आणि विमान मध्यरेषेवरून हलकंसं सरकलं. सावरता आलं असतं. मी थ्रॉटल पुढे केला आणि वर गेले. सक्तीचा गो-अराउंड माझा आधीच करून झाला होता.

खाली आल्यावर कुंपणापाशी गेले. आईनं दिलेला डबा त्यांनी मोटारसायकलच्या सीटवर ठेवला होता. "सहा उतरवलीस, दोन परत नेलीस," ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडायला लागले.